बरी झालेली मुलगी

रंगाच्या त्या दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला रंगाआधी मुलीची गोष्ट ऐकावी लागे. दुकानदार पक्का बोलघेवडा. डब्याचं झाकण उघडायच्या आत त्याचं तोंड उघडे.

"ही माझी मुलगी. लहानपणी एक वाक्य धड निघत नव्हतं तिचं. त त प प! आणि आज बघा. डॉक्टर नाही, गोळी नाही. नुसती शिस्त!"

गिऱ्हाईक मान डोलावी. मुलगी काउंटरमागे रंग ढवळता ढवळता हसे. त्या हसण्याकडे नीट बघायला कुणालाच सवड नव्हती.

शिस्त म्हणजे काय, तर पोरगी अडखळली रे अडखळली की बाबांचा हात वर. "थांब! श्वास घे. पुन्हा पहिल्यापासून!" जेवताना तेच, पाहुण्यांपुढे तेच. आई बिचारी मवाळ. लेकीचा शब्द अडला की तोच शब्द ती घाईघाईने स्वतः बोलून टाकी. मायाच ती, दुसरं काय! वाचकहो, हे आपणही करतो. समोरच्याचा शब्द अडला की आपण त्याच्या तोंडात आपला शब्द कोंबतो, आणि वर उपकार केल्यासारखे प्रसन्न होतो. करता ना? खोटं बोलू नका.

कॉलेजात जाईतो मुलीचं अडखळणं थांबलं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि बाबांची कॉलर जी ताठ झाली ती कायमची.

आता मुलगी दुकान सांभाळत होती. रंगांची जाण तिला बापापेक्षा जास्त आहे, हे बापही कबूल करी. म्हणूनच दातांच्या मोठ्या रुग्णालयाचं रंगकाम दुकानाकडे यायची वेळ आली, तेव्हा कुठल्या खोलीला कोणता रंग द्यायचा हे सगळं तिने ठरवलं. महिनाअखेरीस रुग्णालयाच्या समितीपुढे ते समजावून सांगायचं होतं. "बोलेल की तीच! आता तिला काय धाड भरलीय?" बाबा छाती फुगवून सांगत. मुलगी मात्र लगेच विषय बदले.

त्याच सुमारास एक बाई खोलीसाठी रंग न्यायला आल्या. त्यांनाही गोष्ट ऐकावी लागली. ऐकून त्या म्हणाल्या, "मी विद्यापीठात याच विषयावर काम करते. माणूस बोलताना का अडखळतो, त्याला मदत कशी करावी, यावर आमचं संशोधन चालू आहे."

"मग आमचा इलाज लिहून घ्या!" बाबा काउंटरवर हात आपटत म्हणाले.

"घेईन की. पण आधी मला तुमच्या लेकीचं बोलणं ऐकू द्या."

दोघं बापलेक विद्यापीठात त्या डॉक्टरबाईंकडे गेले. खोली साधीच. एक टेबल, दोन खुर्च्या, समोर कॅमेरा. बाबा कोपऱ्यात बसले, परीक्षेच्या निकालाला आलेल्या पालकासारखे. डॉक्टरबाईंनी मुलीशी इकडतिकडच्या गप्पा मारल्या. दुकान, हवापाणी, लहानपण. मुलगी सफाईने बोलली. कुठे ठेच नाही, कुठे थांबा नाही.

"बघा!" बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक छापील कागद मुलीपुढे ठेवला. "आता एवढं मोठ्याने वाच. आहे तसंच वाचायचं, शब्द बदलायचा नाही."

मुलीचा चेहरा उतरला. पहिलंच वाक्य होतं, 'करड्या ढगांनी आभाळ भरून आलं.' तिने तोंड उघडलं. ओठ हलले, मान ताठ झाली, डोळे घट्ट मिटले गेले. आवाज नाही. मग "क... क... क..." आणि पुन्हा काही नाही.

बाबा ताडकन उठले. "थांब! श्वास घे. पुन्हा..."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या गृहस्थाची बोलती बंद झाली! मुलगी घामाघूम झाली, पण तिने वाक्य शेवटपर्यंत नेलं.

"किती शब्द टाळतेस रोज?" डॉक्टरबाईंनी मऊ आवाजात विचारलं.

मुलगी कागद बाजूला सारत म्हणाली, "मोजता येणार नाहीत. अवघड शब्द लांबूनच दिसतो. मग मी वाक्य वळवते. दुसरा शब्द शोधते. नाही सापडला तर गप्प बसते." ती बापाकडे वळली. "बाबा, मला चहा नाही आवडत. मला क... कॉफी आवडते. हॉटेलात म्हणता येत नाही, म्हणून चहा सांगते. घरीही तीच सवय लागली."

"काय सांगतेस!" बाबा मटकन खाली बसले.

"आणि तो फोटोवाला आठवतोय? स्टुडिओची भिंत चुकीची रंगवली म्हणून भांडायला आलेला? त्याच्या कामाला हवा होता करडाच. तो म्हणाला, तुम्हीच सुचवा. मला तो शब्द म्हणता येईना, म्हणून मी मोतिया सुचवला. तुम्ही त्यालाच वेड्यात काढलंत."

बाबांना तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याचा डंका पिटला, ते हेच होतं तर! पोरीचं अडखळणं कुठेच गेलं नव्हतं. गेले होते ते तिचे शब्द. आवडीनिवडी गेल्या, मतं गेली, वर्गात विचारायचे प्रश्न गेले. आणि आपण त्याला बरं होणं म्हणत होतो!

"म्हणजे मी... माझ्या शिस्तीमुळेच तोतरी झाली का ही?" त्यांचा आवाज पार खाली आला होता.

"छे हो," डॉक्टरबाई ठामपणे म्हणाल्या. "हे आईबापांच्या चुकीने होत नाही. भित्रेपणाने नाही, कुणाची नक्कल करूनही नाही. बोलायचं ठरलं की जीभ, ओठ, श्वास यांना वेळेवर हलवायचं काम मेंदू करतो. ते जुळवून आणण्यात काहींच्या मेंदूत फरक असतो. बऱ्याचदा घराण्यातही असतो. तुमच्याकडे कुणी होतं?"

बाबा आधी नाही म्हणाले. मग थबकले. "माझे एक चुलते होते. दोन शब्दांवर तिसरा बोलायचे नाहीत. आम्ही पोरं त्यांना गर्विष्ठ म्हणायचो. गेले तेव्हा त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं."

"सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहान मुलांपैकी बरीच यातून आपोआप सुटतात, काही सुटत नाहीत. का, ते शोधतोय. पण एक कळलंय. नुसत्या ठेचा मोजून माणूस बरा झाला की नाही हे ठरत नाही. तो मनातलं बोलतोय का, हे विचारावं लागतं. 'थांब, श्वास घे' ऐकून माणूस एवढंच शिकतो, की आपलं बोलणं लपवायची गोष्ट आहे."

"मग औषध?"

"जादूची गोळी माझ्याकडे नाही. मदत मात्र होते. शब्दाशी झटापट न करता तो हलका सोडायला शिकवता येतं. भीती कमी करता येते. एवढं तिने करायचं. उरलेलं तुमच्याकडे."

"मी काय करू?"

"गप्प बसा."

मुलगी खुदकन हसली. बाबांनाही हसू आलं, पण डोळे भरलेले होते.

घरी जाताना ते म्हणाले, "समितीपुढे मीच बोलतो. तुला कशाला त्रास?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मी ब... बोलणार. अडखळत बोलणार."

उरलेले आठवडे ती डॉक्टरबाईंकडे जात राहिली. तिने शब्द टाळायचं सोडल्यामुळे घरात आता अडखळणं ऐकू येऊ लागलं. पूर्वीपेक्षा जास्तच! आई घाबरली. बाबा मात्र जीभ दातांखाली धरून बसत. त्यांच्यासारख्या माणसाला ती सजाच होती.

समितीचा दिवस उजाडला. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, घड्याळाकडे बघणारे सात-आठ मोठे लोक. अध्यक्ष तर घाईचा पुतळाच. कृत्रिम दातांचा रंग ठरवायच्या खोलीवर गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "इथे फिकट पिवळा देऊन टाकू. प्रसन्न वाटतो."

मुलगी उभी राहिली. "नाही सर. इथे क... क..."

"क्रीम?" अध्यक्षांनी मदत केली.

"नाही. क... क..."

"काळा तर नाही ना!" कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. अध्यक्ष बाबांकडे वळले. "तुम्हीच सांगा बुवा. वेळ कमी आहे."

बाबांना उत्तर पाठ होतं. जिभेच्या टोकावर होतं. पोरीचं कपाळ घामाने डबडबलेलं त्यांना दिसत होतं. एका शब्दात तिची सुटका झाली असती! त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मला माहीत आहे, साहेब," ते म्हणाले. "पण काम तिचं आहे, वाक्य तिचं आहे. ती सांगेल. आपण जरा थांबू."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे पाहिलं, डोळे न मिटता.

"मी अ... अडखळते," ती म्हणाली. "मला वेळ लागतो, पण रंग माझा चुकत नाही. इथे क... करडा हवा. पिवळ्या भिंतीची झाक दातावर पडते. खोलीत ज... जुळलेला दात बाहेर उजेडात वेगळा दिसतो. म्हातारं माणूस हौसेने दात बसवून घरी जाईल, आरशात बघेल आणि पुन्हा हसणार नाही. ग... गंमत नाही ही, सर."

आता कुणी हसलं नाही. टेबलाच्या टोकाला बसलेले रुग्णालयाचे वयस्कर दंतवैद्य पुढे झुकले. "अगदी बरोबर. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगतोय," ते म्हणाले. "पुढच्या खोल्यांचं सांग, बाळ. सावका..." ते मध्येच थांबले, ओशाळले. "तुला हवं तसं सांग."

अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. ती बोलली. अडखळली, पुन्हा बोलली. दारापासून गच्चीपर्यंत सगळं बोलली, आणि एकही शब्द तिने बदलला नाही. बाबा शेवटपर्यंत गप्प होते. इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता, आणि तो कुणाला सांगत सुटावं असंही पहिल्यांदाच वाटलं नाही.

मंडळी, तोतरेपणाचं कोडं संशोधक आज ना उद्या आणखी उलगडतील. उपचार आजही आहेत, ते घ्यायला लाजू नये. पण आपल्या वाट्याचा उपचार करायला ना पदवी लागते, ना प्रयोगशाळा. समोरचा अडला की त्याच्या डोळ्यांत बघावं, आपली जीभ आवरावी आणि थांबावं. त्याला काय म्हणायचंय ते त्याचं त्यालाच माहीत असतं, आणि ते त्याच्याच तोंडून ऐकायला हवं!