वाकड्या दाताची कवळी

डॉक्टरांनी आईच्या टाळूवर टॉर्च मारला आणि तेच ते पुन्हा सांगितलं. "बुरशीच आहे. रात्री कवळी काढून ठेवता ना?"

"ठेवते की," आई म्हणाली.

लेकीने छताकडे पाहिलं. वडील गेल्यापासून ती आईच्याच खोलीत झोपत होती. कवळी भिजत घालायला उशाशी ठेवलेली वाटी रोज कोरडीच असायची.

डॉक्टर म्हणाले, थेंब चालू ठेवा, पण सैल कवळी घासतेय तोवर हे हटणार नाही. दाताच्या डॉक्टरांना भेटा. दाताचे डॉक्टर म्हणाले, हिरड्या झिजल्यात, साचा नव्यानेच घ्यायला हवा, पण सुजलेल्या तोंडाचं माप चुकतं. आधी बुरशी जाऊ द्या. दोघांचंही खरंच होतं. त्या दोन खऱ्यांच्या मध्ये आई पातळ काहीबाही पिऊन दिवस काढत होती, आणि लेकीच्या चपला झिजत होत्या.

"थोडे दिवस काढून ठेवलीस तर काय बिघडेल?" घरी आल्यावर ती आईवर उखडली.

"काढली की नवीच गळ्यात मारतील. सरळसोट दातांची. मला नको घोड्याचं तोंड."

कवळी वडिलांची होती, म्हणजे त्यांनी केलेली. दवाखान्यांना कवळ्या करून देणं हाच त्यांचा धंदा. आईचे उरलेसुरले दात काढण्याआधी त्यांनी तिच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा करून ठेवला होता. तिचा पुढचा एक दात शेजारच्याच्या अंगावर रेललेला. कवळीतही त्यांनी तो तसाच रेलवला.

शेवटी लेकीने त्यांच्या कामाच्या खोलीचं कुलूप काढलं. एप्रन खुंटीवरच होता. त्याच्याकडे न बघता तिने फळीवरचा साचा उचलला आणि दार लावून घेतलं.

दाताच्या डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "लोक माझ्याकडे वाकडे दात सरळ करायला येतात."

"हिला वाकडाच हवाय."

"माप नवंच घ्यावं लागेल. दात मात्र हुबेहूब असा बसवून देतो." साचा लेकीच्या हातात देऊन ते खुर्चीतल्या आईकडे वळले. "पण तोंड बरं होईपर्यंत कवळी बाहेर, आजी. आत्तापासून."

आईने ओठ घट्ट मिटले.

"आता काय?" लेकीचा आवाज चढला. "कुणापासून लपवतेस? बाबांनीच केलीये ना ती?"

"दात काढल्यावर कवळीचं माप घेतलं तेव्हा हे बोळकं पाहिलं त्यांनी. त्यानंतर कधी पाहू दिलं नाही."

"बाबा नाहीत आता, आई."

हे वाक्य ती इतक्या दिवसांत प्रथमच बोलली होती. डॉक्टर उगाच हातमोजे शोधू लागले.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. मग म्हणाली, "तू तिकडे तोंड कर."

लेक भिंतीकडे वळली. हातातल्या साच्यावरचा रेललेला दात अंगठ्याला लागत होता. मागे स्टीलच्या वाटीत काहीतरी टेकल्याचा आवाज झाला.

"झालं का?"

आईने उत्तर दिलं. ते बोळक्या तोंडाचं बोलणं लेकीला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि वळूनही पाहिलं नाही.