दसऱ्याच्या पूजेतला अँप

दसऱ्याच्या सकाळी अमृतनं आपण होऊन तो अँप उचलून आणला आणि अंगणात कोयता, फवारणीचा पंप, शिलाई मशीन यांच्या रांगेत पूजेला ठेवला. मी फुलं मांडत राहिले. बोलले असते तर उचलून परत नेला असता.

अमृतची गिटार विजेवरची, नुसती छेडली तर जेमतेम टिकटिकते; अँप म्हणजे तिचा आवाज मोठा करायचा काळा खोका. हा डिजिटल. बटण फिरवलं की एकच खोका कधी जुन्या अँपसारखा गोड वाजायचा, कधी मोठ्या स्टेजवरच्यासारखा फाटका गरजायचा. गावात येणारा बहुरूपी कसा आज फौजदार, उद्या डॉक्टर, तसा. अमृत आणि गोरख दोघांनी मिळून पुण्याहून आणला होता. अमृत माझा थोरला, वाजवणारा; गोरख धाकटा, गाणारा. वारूळवाडीपासून पिंपरी पेंढारपर्यंत साखरपुडे, बारशी दोघं करायचे. मग गेल्या वर्षी जीप उलटली. गोरख गेला. गाडी अमृत चालवत होता.

तेव्हापासून अमृतनं कानाला हेडफोन लावले ते लावलेच. वायर अँपात खुपसायची, दार लोटायचं आणि वाजवायचं. गाणं सगळं त्याच्या कानात, आम्हाला बाहेर नुसती तारांची टिकटिक. पहाटे विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभा राहायचा. मी आपली कळशी घेऊन मागोमाग. भरलेल्या कळश्या घरात मावेनात, पण एकटा सोडला नाही. जाऊ कुशाबाई म्हणाली, पोरगं मुकं झालं का काय. मी म्हटलं, तुझी थोडी जीभ दे त्याला, तुझ्याकडं जास्तीची आहे.

त्या संध्याकाळी नारायणगावात मिश्रीलालशेठच्या पारसचं कापडाचं नवं दुकान उघडायचं होतं. पारस अमृतच्या वर्गातला. दोन-चार गाणी वाजव म्हणाला, आणि अमृत हो म्हणाला. माणसांत बसून, हेडफोन काढून. त्या एका 'हो'वर मी आठवडाभर जेवले.

आमच्या मालकांनाही तितकाच आनंद, आणि तिथंच घात झाला. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. कोयत्यावर थेंब, मशिनीवर थेंब. अँपवर मात्र, लेकराचं दैवत म्हणून, राहिलेली सगळी वाटी ओतली. बटणांच्या फटींतून पाणी आत गेलं. अमृत तेव्हा आंघोळीला गेलेला. आल्यावर त्यानं खोका पुसला, उन्हात ठेवला. दुपारी वायर लावली. लाल दिवा लागला, जळका वास आला, दिवा विझला.

म्हशीला पाजायचं ते खोक्याला पाजलंत, मी मालकांना म्हटलं. ते ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. अमृतनं गिटार भिंतीला टेकवली आणि विहिरीकडं निघाला. भर दुपारी.

मी आडवी गेले. "नारायणगावला चल."

"कशावर वाजवू, आई?"

"ते तितं बघू. गिटार घे."

वाटेत मंडपवाल्याकडं थांबलो. त्याचे सगळे स्पीकर देवीच्या मिरवणुकीला गेलेले. दुकानात पांढऱ्या गाद्या, भिंतभर कापडाचे तागे, पन्नासेक माणसं. पारसला सांगितलं तर म्हणाला, राहू दे मग, जेवून जा. चांगल्या मनानंच म्हणाला. अमृतनं मान हलवली आणि चपला शोधायला लागला. मला विहीरच दिसली.

मी कुणापुढं हात जोडणारी बाई नाही. गोरख गेला तेव्हा रडत आलेल्या बायकांनाही चहा पाजून वाटेला लावलं होतं. त्या दुकानात जोडले.

"पावणं, माझं पोरगं वाजवणार हाय. खोका जळलाय, आवाज लई बारीक येईल. तवा तोंडं मिटून बसा आन पंखा बंद करा. बांगडी वाजली तरी मला कळंल."

मागं कुणीतरी हसलं. पारसच्या आईनं, पानबाईनं, उठून पंखा बंद केला आणि वाढप्यांना हातानं थांबवलं.

अमृत बसला. बोटं तारांवर ठेवली, उचलली, परत ठेवली. मग टिकटिक सुरू झाली. निम्मी तर ताग्यांनीच गिळली. मागच्यांपर्यंत काही पोचलं नसेल. पण मी वर्षभर दाराला कान लावून तेच ऐकलं होतं. गाणं मला ओळखू आलं. गोरखनं जिथं गायचं, तिथं त्यानं जागा मोकळी सोडली होती. नुसती ठेक्याची एक तार, आणि मोकळं.

मधेच एक तान्हं रडलं. लोक कुजबुजायला लागले. अमृतची बोटं थांबली आणि त्यानं दाराकडं, चपलांकडं पाहिलं.

मी सरकत जाऊन त्याच्यासमोर बसले. "मला येतंय आयकू," म्हटलं. "पुढचं वाजव."

तो वाजवीना. मी उठेना. बंद पंख्याखाली माणसं घामानं भिजत होती, आणि मी तशीच हात जोडून, त्याच्या आणि दाराच्या मधे. एक बोट त्यानं अजून तारेवरून उचललं नव्हतं. मी त्या बोटाकडं बघत राहिले.