लांब पल्ल्याची गाडी

शहरातली स्वच्छतागृहं कुणाला तोंडपाठ असतील, तर ती उस्तादला. बसचालक असलेल्या या चाळिशीतल्या बाईला आगारात सगळे उस्तादच म्हणत. अरुंद बोळातूनही ती अख्खी बस अशी वळवी, की भिंतीवरची धूळ हलू नये. पण हल्ली दर दोन-तीन थांब्यांनंतर ती हँडब्रेक ओढून लगबगीनं खाली उतरे, आणि प्रवासी एकमेकांची तोंडं पाहत बसत.

"उस्ताद, ही बस आहे की दूधवाल्याची फेरी?" कंडक्टरमामा विचारत.

"मामा, तुम्ही आपली तिकिटं फाडा."

हसण्यावारी नेता आलं तोवर तिनं नेलं. मग फलकावर सूचना लागली: डोंगरापलीकडच्या लांब पल्ल्याच्या गाडीला चालक हवा, काही महिन्यांनी चाचणी फेरी. वळणावळणाचा रस्ता, एका अंगाला दरी, मध्ये थांबायला जागा नाही. त्या रस्त्याची ओढ तिनं वर्षानुवर्षं कुणाला न सांगता जपली होती. तिनं पाणी पिणंच सोडलं. डोकं ठणकू लागलं, ओठ सुकले. उतरणं मात्र चुकेना. शेवटी नणंदेनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफीच्या करड्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "गर्भाशयात फायब्रॉइड आहे. संत्र्याएवढी गाठ, आणि नेमकी मूत्राशयावर रेललेली."

'गाठ' हा शब्द खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहिला. उस्तादनं मांडीवरची पर्स स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कॅन्सर?"

"अशा गाठी जवळजवळ कधीच कॅन्सरच्या नसतात. कितीतरी बायकांना असतात. त्रास नसेल, तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. पाळी कायमची थांबली, की बहुधा आकसतात."

"त्याला किती अवकाश?"

"काही वर्षं."

"तोवर माझी गाडी सुटेल की हो!"

नणंद पुढे सरसावली. "गर्भपिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. माझ्या जाऊबाईंची काढली, आता कशा टुणटुणीत आहेत!"

"वन्सं, खिडकी अडकली म्हणून कुणी बस भंगारात घालतं का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "सगळ्या वाटा खुल्या आहेत. पिशवी काढली, तर गाठी परत होत नाहीत. पण ते ऑपरेशन मोठं. नुसती गाठ दुर्बिणीनं काढता येईल, मात्र पुढे नवी होऊ शकते. औषधांनीही काही काळ आकसते. शांतपणे ठरवा. आणि पाणी प्या बघू आधी!"

उस्तादनं चार दिवस विचार केला आणि नुसती गाठ काढायचं ठरवलं. नवी झालीच, तर तेव्हाचं तेव्हा. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे नणंदेनं तिला बादलीसुद्धा उचलू दिली नाही. डॉक्टरीणबाईंनी होकार दिल्यावरच ती पुन्हा स्टिअरिंगमागे बसली.

चाचणीच्या सकाळी तिनं आगारातल्या साहेबांदेखत पाण्याची बाटली घटाघटा रिकामी केली. साहेब मागच्या बाकावर बसले. कंडक्टरमामांनी आपला चहाचा थर्मास सांभाळत घंटा दिली. डोंगर जवळ आला, वळणं सुरू झाली. दरीत धुकं एखाद्या न बोललेल्या दुःखासारखं निवांत पडून होतं, आणि त्याच्या वरून गाडी उन्हात चालली होती. कितीतरी महिन्यांनी तिचं लक्ष फक्त रस्त्यावर होतं.

"उस्ताद..." मामांचा आवाज दबका होता. "जरा थांबवता येईल का कुठं?"

तिनं आरशात पाहिलं. थर्मास रिकामा होता.

"मामा, ही बस आहे की दूधवाल्याची फेरी?"

मागे साहेबांना हसू आवरेना. पलीकडच्या स्थानकात गाडी लागली, तेव्हा ते म्हणाले, "सोमवारपासून ही गाडी तुमची."

अभिनंदन करायला मामा मात्र जागेवर नव्हते. स्वच्छतागृह कुठं आहे, ते विचारत फलाटावरून धावत सुटले होते.