डॉक्टरीणबाईंच्या तावडीत सापडलेला माग

मी हातमाग बोलतोय. पलंगाएवढी जागा अडवतो म्हणून या घरात उठता-बसता टोमणे खातो, तोच मी.

उमेदीची वर्षं विणकामाच्या शाळेत गेली. शाळा बंद पडली आणि डॉक्टरीणबाईंनी मला घरी आणलं. बाई दातांच्या डॉक्टर. नुकताच दवाखाना बंद केलेला, हात रिकामे आणि डोक्यात स्कार्फ विणायचं खूळ. याआधीचं खूळ व्यायामाच्या सायकलचं होतं. ती माझ्या शेजारीच उभी आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात.

त्यात मोठ्या नणंदेनं फोनवर विचारलं, "तुला जमेल का गं हे?"

झालं! बाई इरेला पेटल्या. "वन्सं येतील तेव्हा त्यांच्या गळ्यात स्कार्फ घालीन. नाही घातला, तर या मागाचा खुशाल बाक करून टाका!"

यजमानांनी लगेच सुताराचा नंबर शोधून ठेवला. माझं धाबं दणाणलं.

माझं काम तसं सोपं. पायपट्टी दाबली की निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली, आणि मी 'आ' करतो. त्या तोंडातून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. पहिल्या दिवशी बाईंनी दोन्ही पायपट्ट्या एकदम दाबल्या. माझा 'आ' झालाच नाही, धोटा सटकून कपाटाखाली गेला आणि त्याला काढायला यजमानांना जमिनीवर आडवं व्हावं लागलं.

पुढे पाय जमले, पण हात? दर फेरीला बाई धाग्याचं टोक असं खेचायच्या, जणू पलीकडे अक्कलदाढच आहे! कडा आत आत येत गेल्या. वीतभर रुंदीनं सुरू झालेला स्कार्फ चार बोटांवर आला.

"अगं, हा स्कार्फ आहे की बुटाची नाडी?" यजमान दारातून म्हणाले.

"तोंड बंद ठेवा!"

"जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणालीस, मलाच तेवढं बंद?"

वन्सं आल्या. गळ्यात ते प्रकरण घालून म्हणाल्या, "अय्या, काय सुरेख! हल्ली अशीच फॅशन आहे."

माणसं किती सराईतपणे खोटं बोलतात! पण मला काय, माझा जीव वाचत होता. मी मनातल्या मनात वन्संचे पाय धरले.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "वन्सं, उगाच कौतुक नका करू. एका टोकाला टॉवेल, दुसऱ्या टोकाला नाडी. फसलाय तो."

अहो बाई, गप्प बसायला काय घ्याल? यजमानांनी हसत हसत फोन उचलला.

"लावाच फोन," बाई म्हणाल्या. "सुताराला म्हणावं, बाक हवाय. या मागासमोर बसायला. स्टुलावर कंबर मोडते माझी. आणि लाकूड बाहेरून आण म्हणावं!"

यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता नवा बाक आलाय, दुसरा स्कार्फ चढलाय. टोक खेचायला बाईंचे हात अजून शिवशिवतात. बाई, पाया पडतो, धागा आहे तो, दाढ नव्हे. जरा सैल सोडा. मी 'आ' करून बसलोच आहे.