तळ्याकाठचा तिसरा थांबा

निसर्ग केंद्रातल्या फेरीला चार थांबे होते. पहिल्यावर बेडूक, दुसऱ्यावर वारूळ, चौथ्यावर बगळ्यांची वसाहत. तिसऱ्या थांब्यावर लव्हाळ्यांपलीकडे खोल पाणी होतं आणि काठाला लोखंडी कठडा. पाहुण्यांना फेरी घडवणाऱ्या ताईचा सहा वर्षांचा मुलगा तिथे बुडाला होता. कठडा त्यानंतर बसवला.

पाहुण्यांना हे सांगायचं तिच्या मनातही नव्हतं. एकदा एका बाईने विचारलं, "कठडा इथेच का हो?" तिच्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी अभिप्रायाच्या पेटीतल्या बहुतेक चिठ्ठ्या तिसऱ्या थांब्याबद्दल होत्या. बेडकांचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

केंद्रात पाहुण्यांचा अनुभव सांभाळणाऱ्या प्रमुख मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "माहिती कुणी घरी नेत नाही गं. माणसं भावना नेतात. हे रोज सांगत जा."

तिची नोकरी दरवर्षी नव्याने मिळणारी होती. ती रोज सांगू लागली.

मॅडम घोळक्यामागून चालत आणि लोकांचे चेहरे पाहत. महिन्याभराने म्हणाल्या, "सुरुवात छान जमलीय. शेवट जरा सपाट पडतो. मुलगा काही बोलला होता का?"

"नाही मॅडम. आवाजच झाला नाही. मी जवळच होते, तळ्याकडच्या माहिती कक्षात. खिडकी उघडी होती."

"मुलं हाक मारतातच. आठवून बघ."

पुढच्या फेरीत मुलाने 'आई' म्हणून हाक मारली. दोन बायका रडल्या. हाक कायम राहिली.

घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा नवरा पंपदुरुस्ती करायचा. मुलगा बुडाला त्या दिवशी तो तळ्याकाठी केंद्राचाच पंप दुरुस्त करत होता आणि पोर त्याच्या पाठीमागे खेळत होतं. बुडणारं मूल बहुतेक वेळा आवाज करत नाही, असं डॉक्टरांनी त्याला नंतर सांगितलं होतं. या एका वाक्यावर तो उभा होता. रात्री झोप लागली नाही की विचारायचा, "आवाज झाला नव्हता ना गं?" ती म्हणायची, "नाही हो. झोपा आता." मग तो झोपायचा.

विश्वस्त फेरीला येणार होते, त्या दिवशी तिला कायम करायचं की नाही हेही ठरणार होतं. फाटकाशी विश्वस्तांबरोबर तिचा नवरा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले.

"अहो, तुम्ही?"

"तुझ्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, बायको काय काम करते ते बघा तरी एकदा. म्हटलं, घरी तर आमच्याशी बोलत नाही, इथे ऐकू फुकटात."

विश्वस्त हसले. ती मॅडमना बाजूला घेऊन म्हणाली, "आज तिसरा थांबा गाळते."

"वेडी आहेस का? सगळे त्यासाठी आलेत. आणि आज वडीलसुद्धा आहेत."

बेडूक झाले, वारूळ झालं. कठड्यापाशी आल्यावर नवऱ्याने पाण्याकडे पाठ केली. ती घाईघाईने बोलली: मुलगा होता, खेळत होता, पाय घसरला, म्हणून हा कठडा. एवढंच. आणि ती पुढे निघाली.

"ताई, ताई, थांबा की," एक म्हातारे विश्वस्त म्हणाले. ते मागे एकदा नातवंडांना घेऊन आले होते. "ती हाक राहिली. तिथेच तर माझा गळा दाटून आला होता. सांगा ना यांना."

नवऱ्याने विचारलं, "कुठली हाक?"

मॅडम तिच्याकडे पाहत होत्या. म्हातारेही, मान कलती करून, पुन्हा ऐकायला उत्सुक. हाक खोटी होती असं म्हटलं, तर आजवरच्या साऱ्या फेऱ्या खोट्या ठरणार होत्या.

"त्याने 'आई' म्हणून हाक मारली," ती म्हणाली.

"तू ऐकलीस?"

"खिडकी उघडी होती."

"मोठ्याने मारली?"

"हो. मोठ्याने."

नवऱ्याने मान हलवली. मग तो म्हाताऱ्यांकडे वळला आणि गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं सांगू लागला. "मोटर चालू होती ना. म्हणून मला ऐकू आलं नसणार. बटण माझ्या हाताशीच होतं. तपासताना मोटर चालू ठेवायची गरज नसते तशी. बंद करता आली असती."

म्हाताऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. एक बाई हुंदके देऊ लागली. मॅडमनी दुरूनच ताईला खूण केली: थांब, घाई नको, शांतता टिकू दे.

"बंद करता आली असती," नवरा पुन्हा म्हणाला, या वेळी तिच्याकडे पाहून.

"चला," ती पाहुण्यांना म्हणाली, "पुढे बगळ्यांची वसाहत आहे. पिलं आहेत सध्या. सावकाश या, वाटेवरच्या फळ्या ओल्या आहेत."

पाहुणे तिच्या मागोमाग निघाले. नवरा कठड्यापाशीच राहिला. त्याला चला म्हणायचं कुणाला सुचलं नाही.