रविवारचा फोन

शतक बदलताना जगातले संगणक बंद पडतील म्हणून अमेरिकेने माणसं मागवली, त्या लाटेत सदाशिव पेठेतला आमोद लेले न्यू जर्सीला गेला. शतक सुरळीत बदललं आणि याची नोकरी गेली. मग माइकसमोर उभं राहून लोकांना हसवायचा धंदा त्याने धरला. "त्यासाठी विमानाने जायची गरज नव्हती," एवढंच त्याचे वडील श्यामराव म्हणाले.

रविवारच्या फोनचा विनोद हा त्याचा हुकमी एक्का. आईला विचारावं, कशी आहेस? सगळं ठीक. बाबा? ठीक. मग अर्धा तास कोथिंबिरीचे भाव, आणि फोन ठेवता ठेवता, "अरे हो, खालचे भीमराव गेले. दोन महिने झाले." टोरांटोत चिनी पोरं यावर गडाबडा लोळत. लंडनमध्ये एका नायजेरियन बाईने डोळे पुसत विचारलं होतं, तुला माझी आई कशी ठाऊक?

दोन हजार दहाच्या मे महिन्यात तो पुण्याला आला, तेव्हा त्याच्या आईने, हेमाताईंनी, आपल्या मंडळात त्याचा कार्यक्रम ठरवूनच टाकला. मंडळ होतं, मुलं परदेशी असलेल्या आईबापांचं.  आमोदला जगभर टाळ्या मिळाल्या होत्या, पण आपली पेठ हसल्याशिवाय त्या त्याला खऱ्या वाटत नव्हत्या. श्यामराव काही आले नाहीत. "त्यांना विनोद सोसत नाही," हेमाताई म्हणाल्या.

अमेरिकन साहेबावरच्या विनोदाला लोक बऱ्यापैकी हसले. मग त्याने एक्का काढला, तोही आईच्या आवाजात. भीमराव गेले आणि सभागृहात नुसते पंखे ऐकू येऊ लागले.

पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "मग आपल्या मते त्या आईने फोनवर काय सांगायला हवं होतं?"

 आजवर हसली ती सगळी फोन करणारी माणसं होती. फोन घेणारी आज पहिल्यांदा आमोदसमोर बसली होती. तेवढ्यात मागून एकटंच हसू आलं, जरा जास्तच मोठं. हेमाताई हसत होत्या. आमोदला ते हसू फार लागलं.

घरी श्यामरावांनी दार उघडलं. एवढ्या उकाड्यातही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आला त्या दिवसापासून आमोद हे पाहत होता आणि पुणेरी शिस्त म्हणून सोडून देत होता. आज मुख्याध्यापकांच्या प्रश्नानंतर ते सोडवेना.

"बाबा, शर्ट काढा."

"का? आता माझ्या कपड्यांवर विनोद का?"

"दाखवा हो त्याला," हेमाताई म्हणाल्या.

श्यामरावांनी वरची बटणं काढली. छातीवर मधोमध उभा व्रण होता.

"कधी झालं हे?"

"दोन वर्षं होतील. बायपास," हेमाताई म्हणाल्या. "तू टोरांटोला होतास. तुझा फोन मी दवाखान्याच्या जिन्यात घेतला. म्हटलं, सगळं ठीक."

आमोदला तो फोन आठवला. त्याच संध्याकाळी त्याने तो विनोद सांगितला होता आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला स्वतःची शरम वाटली.

श्यामराव एकेक बटण लावत होते. "कार्यक्रम कसा झाला तुझा?"

आमोदने आईकडे पाहिलं. त्या पानं घेत होत्या.

"ठीक झाला, बाबा."