मोकळी मांडी

रेणुकाला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती: छोट्या आगगाडीत खिडकीपाशी बसायचं, आणि मांडीवर काही घ्यायचं नाही. लग्न झाल्यापासून कुठंही जायचं म्हटलं की तिच्या मांडीवर पोर, नाहीतर पिशवी, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचा आहेर. आता बोला!

आदल्या रात्री कंपनीतली सेकंड शिफ्ट संपवून ती सुदुंबऱ्याला घरी आली, पहाटे उठून धपाटे थापले, आणि सगळी वरात लोणावळ्याजवळ सहलीसाठी उभारलेल्या, खेळण्यातल्यासारख्या बुटक्या गावात येऊन पोचली. गुडघ्याएवढी कौलारू घरं, वीतभर रहाट, मातीची माणसं. सगळ्या गावाला वळसा घालून, बोगद्यातून जाणारी गाडी तेवढी खरी माणसं बसतील एवढी.

लेक अपेक्षा पळतच सुटली. "रेणू, पिशव्या बघ गं," म्हणत नवरा निलेशही तिच्यामागं गेला. सासू कस्तुराबाई बाकावर टेकल्या त्या कण्हतच. "गुडघ्याची गोळी दे. पानी दे. ह्ये न्हाई, ह्ये गरम झालंय."

बापलेकीनं एक फेरी मारली, दुसरी मारली. मग निलेश आला तो मोबाइल नाचवत. फोटोत बुटकं स्टेशन, आणि तिथं गाठोडी राखत बसलेली मातीची बाई. "ही बघ, हुबेहूब तू!"

रेणुकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हसताय काय? मलाबी बसायचं होतं गाडीत."

"अगं, मग आधी बोलायचं की! पण पिशव्या..."

तेवढ्यात शेवटच्या फेरीची शिट्टी झाली. दिवसभर कण्हणारी सासू अशी ताडकन उठली की बघत राहावं. लेकाला नातीशेजारी बाकावर बसवून सगळ्या पिशव्या तिनं त्याच्या मांडीवर आदळल्या. "धर. आन् हितनं हलायचं न्हाई. तुजा बापबी मला असाच गाठोड्यापाशी बसवून जत्रा बघायचा."

रेणुकाचा दंड धरून कस्तुराबाई गाडीत चढल्या. खिडकी मिळाली. मांडी मोकळी. वारं लागलं. आता डोळे भरून बघू, असं रेणुका मनाशी म्हणाली, आणि पहिला बोगदा यायच्या आत तिला झोप लागली.

गचक्यानं जाग आली तर समोर त्या चढल्या होत्या तोच फलाट, आणि पिशव्यांआडून डोकावणारा निलेश. तिला रडूच कोसळलं. "झोपले की हो आत्याबाई! कायच बघितलं न्हाई. उठवायचं तरी!"

"लय दमली हुतीस, म्हनून न्हाई उठवलं."

"मावशी, उतरा आता," गाडीवाला म्हणाला, "शेवटची फेरी होती."

"कशी उतरू बाबा? गुडघं धरल्यात. आनखी एक चक्कर मार, तवर सुटत्याल."

गाडीवाला हसला आणि त्यानं शिट्टी दिली.

या खेपेला रेणुकानं डोळे ताणून बघितलं. रहाट बघितला. गाठोड्यांपाशी बसलेली ती बाईही दिसली. "आत्याबाई, ती बघा," ती म्हणाली. कस्तुराबाईंचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं, आणि त्या चक्क घोरत होत्या.

रेणुकानं त्यांना उठवलं नाही. खांदाही हलवला नाही. पुढचं सगळं आता नीट बघून ठेवायला हवं होतं, घरी गेल्यावर आत्याबाईंना सांगायला.